मदत हवी आहे: हृदयविकार असलेल्या कुत्र्याला फ्युरोसेमाइड सोडून टोरासेमाइड सुरू करताना रक्ततपासणी कधी?

खानापूर तालुक्यातून विचारतोय. पॉमेरेनियन, नर, वय १२, वजन ९ किलो. हृदयाची मायट्रल झडप गळते, इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) डावा वरचा कप्पा मोठा. पिमोबेंडन (हृदयाचं औषध) २.५ मिग्रॅ दोनदा, खाण्याआधी तासभर. फ्युरोसेमाइड (लघवीवाटे अंगातलं पाणी काढणारं औषध) २० मिग्रॅ दोनदा चालू होतं.

गाढ झोपेतले श्वास मिनिटाला २४ वरून ३६ वर गेले. थंड फरशीवर, पंख्याखालीही तेच, म्हणजे उकाड्याची धाप नव्हे. एक्स-रेत फुप्फुसात पाणी दिसलं. फ्युरोसेमाइड तीनदा केल्यावर श्वास २६ वर उतरले, पण क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) १.४ चं २.१ झालं. पाणी तोडलेलं नाही (तोडायचंही नसतं). पापड, शेव, ब्रेड बंद. भाकरी नि बिनमिठाचं चिकन खातो.

आता डॉक्टर फ्युरोसेमाइड थांबवून त्याच प्रकारचं टोरासेमाइड द्या म्हणताहेत: माणसांची ५ मिग्रॅची गोळी, अर्धी-अर्धी दोनदा. डोस त्यांच्याच हातात आहे, तो विचारत नाही. अडचण अशी की पोटॅशियम-क्रिएटिनिनसाठी दरवेळी बेळगाव गाठावं लागतं आणि गाडीत तो फार धापतो.

ज्यांनी हा बदल केलाय त्यांनी सांगावं: पहिली रक्ततपासणी कितव्या दिवशी केलीत, आणि बेळगाव-खानापूर भागात घरी येऊन कुत्र्याचं रक्त घेणारं कुणी आहे का?