दुकानदाराला रोख रक्कम नाकारता यावी का?

धागालेखक : जमाखर्च

गेल्या महिन्यात एका दुकानाच्या गल्ल्यावर ‘येथे रोख रक्कम स्वीकारली जात नाही’ अशी पाटी पाहिली. माझ्याजवळ कार्ड होते, त्यामुळे माझे काही अडले नाही. परंतु रांगेत माझ्या पुढे असलेल्या शाळकरी मुलाने हातातल्या नोटा पुन्हा खिशात घातल्या, घेतलेली वही तिथेच ठेवली आणि तो मुकाट्याने निघून गेला. तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतो आहे.

कार्ड सोयीचे आहे, याबद्दल माझा वाद नाही. मात्र नोट एका हातातून दुसऱ्या हातात जाताच जो व्यवहार पुरा होत असे, तो आता ग्राहकाची बँक, दुकानदाराची बँक आणि त्या दोहोंना जोडणारे कार्डाचे जाळे अशा तिघांच्या होकारावर अवलंबून असतो, आणि हे तिघेही आपापला वाटा घेतात. १९५० साली डायनर्स क्लबचे पुठ्ठ्याचे कार्ड आले, तेव्हा ते स्वीकारणाऱ्या उपाहारगृहाला बिलाच्या ७ टक्के रक्कम सोडावी लागे. पुढे दर पुष्कळ उतरले, पण आपोआप नव्हे. ग्राहकाच्या बँकेला मिळणाऱ्या वाट्यावर युरोपीय संघाने २०१५ साली डेबिट कार्डासाठी ०.२ टक्के आणि क्रेडिट कार्डासाठी ०.३ टक्के अशी मर्यादा नियमानेच घातली.

माझे म्हणणे एवढेच आहे की, कार्ड हवे त्याने वापरावे, पण प्रत्यक्ष दुकान थाटून बसलेल्याला रोकड नाकारण्याची मुभा नसावी. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात असा कायदा १९७८ पासून आहे आणि नॉर्वेने आपला कायदा ऑक्टोबर २०२४ पासून अधिक कडक केला आहे.

प्रतिसाद : गल्ल्यामागचा

सहमत नाही. अकरा वर्षे मी गल्ला सांभाळला आहे, त्यामुळे रोकड फुकटात हाताळता येते हा समज गल्ल्याच्या पुढे उभ्या राहणाऱ्यांचाच असतो, असे अनुभवाने सांगतो. सकाळी सुट्ट्या पैशांची तजवीज करायची, दिवसभर प्रत्येक मोठी नोट उजेडात धरून पाहायची, दुकान बंद झाल्यावर दोनदा मोजणी करायची आणि मग ती पिशवी बँकेपर्यंत सुखरूप न्यायची, या सगळ्याला माणसाचा वेळ लागतो आणि त्या वेळाचे पैसे कोणीतरी भरतच असतो. हिशेब जुळला नाही तर तूट कोणाच्या पगारातून जाते, हे वेगळे सांगायला नको.

शिवाय चोरीचा मुद्दा धागालेखकांनी पूर्णपणे वगळला आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या मिझुरी राज्यात सरकारी मदत धनादेशाऐवजी कार्डावर जमा होऊ लागली. पूर्वी धनादेश वटवून ती रक्कम लोक खिशात बाळगत असत. या बदलाचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांना एकूण गुन्ह्यांत जवळजवळ १० टक्के घट दिसून आली. डेन्मार्कमध्ये २०२२ साली बँकेवरचा एकही दरोडा नोंदला गेला नाही. ज्याच्या गल्ल्यात काहीच नाही, त्याच्या गळ्याला रात्री सुरा लागत नाही, एवढा साधा हिशेब आहे.

प्रतिसाद : पाकीट

दरोडेखोर बँकेत येत नाही हे खरे, कारण आता तो फोन करतो. एखाद्या वृद्धेला बोलण्यात गुंतवून तिच्याकडून पिन काढून घ्यायला ना हत्यार लागते ना धाडस. चोराने पाकीट मारले तर पाकिटात होते तेवढेच जाते. खाते रिकामे झाले तर आयुष्याची पुंजी जाते. तेव्हा गुन्हा घटला म्हणण्यापूर्वी तो कोणाच्या दारी गेला, तेही पाहावे.

दुसरे असे की, कार्डाने हात सैल सुटतो. प्रेलेक आणि सिमेस्टर या संशोधकांचा २००१ सालचा प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावताना, क्रेडिट कार्डाने पैसे भरायचे आहेत असे ज्यांना सांगितले होते, त्यांची बोली रोख देणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट निघाली.

प्रतिसाद : काटेकोर

त्या प्रयोगाचा दाखला जरा जपून द्यावा. क्रेडिट कार्ड म्हणजे मुळात उधारी आहे आणि उधारीवर माणूस सढळ होतो, हे कार्ड जन्माला येण्याआधीही लोकांना ठाऊक होते. खात्यातून तत्क्षणी पैसे वळते करणाऱ्या डेबिट कार्डाला तोच निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. उलट महिन्याच्या शेवटी बँकेच्या विवरणात प्रत्येक खर्च तारखेसह समोर येतो. रोख खर्चाची वही इथे किती जण नेमाने लिहितात, हे ज्याने त्याने आठवून पाहावे. (माझी वही तरी फेब्रुवारीच्या पुढे कधी गेलेली नाही.)

प्रतिसाद : जमाखर्च

तो प्रयोग बाजूला ठेवू. गल्ल्यामागच्यांचा मोजणीचा आणि पगाराचा मुद्दा मला मान्य आहे; मी तो विचारात घेतला नव्हता. पण जाळे कोसळले तर काय, याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही. जुलै २०२१ मध्ये स्वीडनमधील एका मोठ्या साखळीची सुमारे ८०० दुकाने बंद ठेवावी लागली, कारण गल्ल्यावरची यंत्रणा पुरवणाऱ्यांच्या साखळीतल्या एका सॉफ्टवेअरवर खंडणीखोरांनी हल्ला केला होता. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगालमध्ये वीज गेली, तेव्हा ज्यांच्या खिशात नोटा होत्या, त्यांनाच पाणी आणि मेणबत्त्या घेता आल्या.

प्रतिसाद : काटेकोर

यातले पहिलेच उदाहरण तुमच्या विरोधात जाते. तिथे गल्ल्याची यंत्रणाच बंद पडली होती, त्यामुळे नोटा घेऊन आलेला ग्राहकही रिकाम्या हातानेच परतला. वीज गेल्यावर एटीएमही बंद पडते. उपयोगी पडते ती आधीपासून घरात असलेली रोकड, आणि ती ठेवायला दुकानदारावर कायद्याची सक्ती कशाला हवी?

प्रतिसाद : पाकीट

कारण रोजच्या वापरात नसलेली रोकड अडचणीच्या दिवशी अचानक उगवत नाही. २०१० साली स्वीडनमध्ये आपली शेवटची खरेदी रोखीने केल्याचे सांगणारे साधारण ४० टक्के होते. दहा वर्षांत ते १० टक्क्यांच्याही खाली आले. मग बँकांच्या शाखांनी रोख देणे-घेणे थांबवले, त्यामुळे दुकानांना रोज जमलेली रक्कम भरायला जागा उरली नाही, म्हणून दुकानांनी पाट्या लावल्या आणि त्या पाट्यांमुळे उरलेले ग्राहकही कार्डाकडे वळले. हे चक्र आपोआप थांबणार नव्हते. अखेरीस २०२१ पासून तिथल्या मोठ्या बँकांवर रोख पुरवण्याची आणि दुकानांची रोजची रक्कम भरून घेण्याची जबाबदारी कायद्याने टाकावी लागली. युरोपात कागदी नोटा पहिल्यांदा काढणारा हाच देश, १६६१ साली.

धागालेखकांनी सक्तीचे टोक चुकीच्या जागी धरले आहे, असे मला वाटते. आधी बँकेला बांधावे, दुकानदाराला नंतर.

प्रतिसाद : गल्ल्यामागचा

हे निदान ऐकण्याजोगे आहे. रोजची रक्कम दुकानापासून चालत जाण्याच्या अंतरावर, शुल्क न घेता भरून घेतली जाणार असेल, तर माझी निम्मी हरकत मागे घेतो. उरलेली निम्मी त्या रात्रीच्या मोजणीबद्दल आहे. कायद्याने रोकड घ्यायला लावली आणि हिशेबात तूट आली, तर ती मालकाने सोसायची की गल्ल्यावरच्या पोराने, हे त्याच कायद्यात लिहिले जाणार आहे का?