मदत हवी आहे: नाताळात ओझेटच्या ओल्या जंगलात नऊ जणांना घेऊन जायचंय

नमस्कार मंडळी,

आम्ही सिअ‍ॅटलला राहतो. नाताळच्या सुट्टीत तीन कुटुंबं मिळून ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यानात ओझेटला जायचं ठरतंय. सहा मोठे, दोन मुलं (११ आणि १३ वर्षांची) आणि माझे बाबा. बाबा ६७ वर्षांचे आहेत, पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेत.

ओझेट तळ्यापासून जंगलातून केप अलाव्हा, तिथून किनाऱ्याने दक्षिणेला सँड पॉइंट आणि परत जंगलातून गाडीपाशी, असा हा त्रिकोण आहे. साधारण १५ किमी. चढ जवळजवळ नाहीच. सीडर, स्प्रूस, नेचे, सगळीकडे शेवाळ, आणि बराचसा रस्ता लाकडी फळ्यांवरून. वाटेत किनाऱ्यावर वेडिंग रॉक्सला मका (Makah) या इथल्या मूळनिवासी लोकांच्या पूर्वजांनी खडकांत कोरलेली चित्रं आहेत. कोकणातल्या कशेळीचा कातळशिल्पातला हत्ती पाहून आल्यापासून बाबांना या विषयाचं वेड आहे. ती चित्रं त्यांना दाखवायचीच, असं माझ्या मनात आहे.

काळजी पावसाची आहे. बाबा म्हणतात, "जुलैत राजमाची केलंय, भिजायचं काय घेऊन बसलीस!" पण सह्याद्रीत आपण चिंब भिजतो, खाली उतरून पिठलं-भाकरी खातो आणि विसरून जातो. इथला मुख्य पाऊस नोव्हेंबर ते जानेवारी, आणि हवा ५-६ अंशांची. मागच्या महिन्यात क्विनॉल्ट तळ्याजवळच्या जंगलात आम्ही छोटी फेरी केली होती. यातलाच ११ वर्षांचा मुलगा जीन्स आणि सुती हुडी घालून आला होता. तासाभरात तो बोलेनासा झाला, मग अडखळायला लागला. आम्हाला वाटलं रुसलाय. गाडीत हीटर लावल्यावर त्याला स्वतःच्या जॅकेटची चेन काढता येईना, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. आम्ही सहा मोठी माणसं बरोबर होतो आणि एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

म्हणून विचारते: हिवाळ्यात पूर्ण त्रिकोण करावा का? फळ्यांवर कोणते बूट चालतात? आणि नऊ जणांत कोण गारठतंय हे वेळेवर कसं ओळखायचं?

प्रतिसाद १

ताई, मी ही वाट तीनदा केली आहे, त्यात एकदा जानेवारीत. स्पष्टच सांगतो, पूर्ण त्रिकोण करू नका. डिसेंबरअखेर सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो आणि जंगलात त्याआधीच अंधारतं. दुसरं म्हणजे, आपल्याकडच्या किनाऱ्यांवर वाढलेल्यांना इथली भरती-ओहोटी समजायला वेळ लागतो. या किनाऱ्यावर हिवाळ्यात मोठी ओहोटी बहुधा रात्री येते, दिवसा पाणी फारसं मागे हटत नाही. त्यात वादळी लाटा वाहून आलेले अख्खे ओंडके उचलून आपटतात. भरतीच्या वेळी त्या ओंडक्यांवर कुणालाही चढू देऊ नका, मुलांना तर मुळीच नाही.

केप अलाव्हापर्यंत जा आणि त्याच वाटेने परत या. दोन्ही मिळून साडेदहा किमी. वेडिंग रॉक्स तिथून दक्षिणेला दीडेक किमीवर आहे. त्या दिवसाचं भरतीचं कोष्टक बघा, पाणी उतरत असेल आणि दुपारचे बारा वाजले नसतील तरच पुढे जा.

ओल्या फळ्या शेवाळानं साबणासारख्या होतात. कडक तळव्याचे जाड ट्रेकिंग बूट त्यांवर घसरतात, मऊ रबरी तळवा बरा. काठीचं टोक फळ्यांच्या फटीत अडकतं, त्याला रबरी टोपण लावा. अंगाला सुती काही नको, बनियनसुद्धा नको. आत लोकर किंवा पॉलिएस्टर, वर पावसाळी जॅकेट आणि पँट. प्रत्येकाचा एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत. पिसांचं जॅकेट भिजलं की ऊब देत नाही.

ओळखायचं कसं? जोड्या लावा. दर अर्ध्या तासाने आपल्या जोडीदाराला बोलतं करा आणि त्याला स्वतःची चेन उघडून लावायला सांगा. बोटं ऐकत नसतील तर तिथेच कोरडे कपडे, थर्मासमधला गोड चहा, आणि सगळ्यांनी माघारी फिरायचं. एकाला मागे ठेवून बाकीचे पुढे, असं नाही. तिथे मोबाईलला रेंज नसते, घरी कुणाला तरी परतायची वेळ सांगून ठेवा.

मूळ धागाकर्ती

मनापासून आभार. चेनची युक्ती आजच मुलांना शिकवली. बाबांना त्रिकोण रद्द झाल्याचं सांगितलं. थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "चित्रं दिसली तर दिसली, पण त्या पोराची जोडी माझ्याशी लाव."

एक राहिलंच. बाबांना चष्म्याशिवाय पायाखालचं दिसत नाही, आणि पावसात काचांवर थेंब आणि आतून वाफ. फळ्यांवर ते धोक्याचं वाटतं. जॅकेटच्या टोपाखाली पुढे झाप असलेली टोपी घालून भागतं का, की आणखी काही उपाय आहे? चष्मेवाल्यांनी कृपया सांगा.