इंग्रजी ग्रामर आणि शब्दसंग्रह परत पहिल्यापासून करायचाय, पुस्तकं / डिक्शनरी / पद्धत सुचवा

उंबरठा
नमस्कार मंडळी. मी मराठी माध्यमातला. नोकरीत इंग्रजी वाचायला फार अडत नाही, ईमेल आणि रिपोर्ट वाचून कळतात, पण स्वतःहून चार ओळी लिहायच्या म्हटलं की गाडं अडतं. मीटिंगमध्ये तर डोक्यात आधी मराठी वाक्य येतं, ते इंग्रजीत फिरवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. शाळेतलं ॲक्टिव्ह-पॅसिव्ह, डायरेक्ट-इनडायरेक्ट अजून आठवतं, पण त्याचा इथे उपयोग होत नाहीये.
सकाळी पाऊण तास रोज देऊ शकतो. क्लास नको, स्वतःच करायचंय. ग्रामरचं एकच पुस्तक घ्यायचं तर कुठलं? शब्द पाठ करावेत का, आणि कुठले? डिक्शनरी मराठी अर्थाची बरी की इंग्रजी-इंग्रजी? ज्यांनी खरंच असं केलंय त्यांनी प्लीज सांगा.

खडूफळा
छान धागा. मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते त्यामुळे जरा सविस्तर लिहितेय.

शाळेत आपण जे ग्रामर करतो ते म्हणजे दिलेलं वाक्य बदलून दुसरं करणं. ते करता येतं, पण कुठल्या वेळी कुठलं वाक्य वापरायचं हे त्यात जवळपास येतच नाही, म्हणून पॅसिव्ह बनवता येतं पण ईमेलमध्ये ते कधी लिहायचं हे ठरत नाही. यासाठी रेमंड मर्फी यांचं 'इंग्लिश ग्रामर इन यूज' घ्या. केंब्रिजचं, निळं. १९८५ मध्ये पहिल्यांदा आलं, आता पाचवी आवृत्ती आहे, १४५ युनिट्स. डाव्या पानावर समजावलेलं, उजव्या पानावर त्याचाच सराव. उत्तरं असलेली प्रत बघून घ्या कारण उत्तरं नसलेलीही मिळते आणि स्वतः शिकणाऱ्याला तिचा काही उपयोग नाही. तुम्ही ईमेल वाचता म्हणजे निळं झेपेल. ते जड गेलं तर त्याच लेखकाचं लाल 'इसेन्शियल' आहे, ते खालच्या पातळीचं.

आणि हे पुस्तक पहिल्या पानापासून ओळीने करू नका. बहुतेक जण तिथेच सोडून देतात, पहिली पंधरा-वीस युनिट्स टेन्सची असतात ती करून कंटाळतात. मागे स्टडी गाइड आहे, त्यातले प्रश्न सोडवा, जिथे चुकताय किंवा अंदाजाने उत्तर देताय ती युनिट्स आधी करा. प्रत्येक युनिट झालं की त्यातल्या रचनेत स्वतःच्या कामाबद्दल तीन वाक्यं लिहायची, पुस्तकातली नाहीत, तुमच्या ऑफिसमधली, खरी. मला विचाराल तर सगळ्या सल्ल्यात हा एक पाळलात तरी पुरे, कारण सराव बरोबर येणं आणि तीच रचना आपल्या विषयावर सुचणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमची अडचण यातल्या दुसऱ्या गोष्टीत आहे.

पानगळ
माझं मत थोडं वेगळं. ग्रामरच्या मागे लागूच नका. मराठी कुठे आपण व्याकरण शिकून बोलायला लागलो? इंग्रजी मालिका बघा, पॉडकास्ट ऐका, सबटायटल इंग्रजी लावा. आपोआप येतं. मी असंच शिकले.

निळीशाई
पानगळ, ऐकण्या-वाचण्याबद्दल शंभर टक्के अनुमोदन, त्याशिवाय भाषा येतच नाही. पण 'आपोआप'बद्दल नाही पटलं. मोठ्या माणसाचं लक्ष अर्थाकडे असतं, अर्थ कळला की तो पुढे जातो, आणि 'द', 'अ', क्रियापदाचा 'एस' हे अर्थाला फारसं लागत नाही म्हणून वर्षानुवर्षं ऐकूनही निसटतं. भाषाशास्त्रज्ञ रिचर्ड श्मिट यांनी १९९० मध्ये हेच मांडलं होतं, की जे लक्षात येतं, नजरेत भरतं, तेच शिकलं जातं. ग्रामरचं पुस्तक त्यासाठी लागतं, नजर तयार व्हायला. एखादं युनिट केलं की आठवडाभर तीच रचना सगळीकडे दिसायला लागते.

उंबरठा, आपण मराठी बोलणारे ठरावीक ठिकाणीच अडखळतो, त्यामुळे ती ठिकाणं आधी धरली तर पुष्कळ काम होतं.

सगळ्यात आधी 'सिन्स' आणि 'फॉर'. मराठीत 'सोमवारपासून' आणि 'दोन तासांपासून' दोन्हीला 'पासून' चालतं. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण असेल तर सिन्स, लांबी असेल तर फॉर. आणि दोन्हीबरोबर आपण 'मी इथे काम करतोय' याच घडणीने 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स' म्हणतो, तिथे 'हॅव बीन वर्किंग' हवं.

मग प्रेझेंट परफेक्ट. 'काल मी त्यांना मेल पाठवलाय' हे मराठीत सहज चालतं म्हणून 'आय हॅव सेंट इट यस्टरडे' लिहिलं जातं. काल, गेल्या आठवड्यात, २०१९ मध्ये अशी संपलेली वेळ सांगितली की साधा भूतकाळ, 'आय सेंट इट यस्टरडे'. वेळ सांगितली नाही आणि आत्ता त्याचा संबंध आहे तर 'आय हॅव सेंट इट'. ऑफिसच्या मेलमध्ये हे रोज लागतं.

तिसरं, 'मला समजतंय', 'मला आठवतंय' वरून 'आय ॲम अंडरस्टँडिंग', 'आय ॲम रिमेंबरिंग'. नो, अंडरस्टँड, बिलीव्ह, बिलाँग, नीड ही क्रियापदं शक्यतो आयएनजी घेत नाहीत.

आणि विचारताना 'कुड यू टेल मी व्हेन इज द मीटिंग' नाही, 'व्हेन द मीटिंग इज'. प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की कर्ता आणि क्रियापदाची उलटापालट बंद.

'अ' की 'ॲन' याला तर आपल्याकडे सोपी युक्ती आहे, शब्द देवनागरीत लिहा. अवर, ऑनेस्ट, एमबीए, सुरुवात स्वराने, म्हणून ॲन. युनिव्हर्सिटी, युरोपियन, वन-वे, सुरुवात य आणि व ने, म्हणून अ. स्पेलिंगकडे बघायचंच नाही. 'द' कधी लावायचा हे मात्र इतक्यात आटपत नाही, मर्फीत त्यावर सलग बरीच युनिट्स आहेत, ती सावकाश करा आणि वाचताना प्रत्येक 'द' पाशी थांबून विचारा की लेखकाला का वाटलं की मला ही वस्तू माहीत आहे.

अनुस्वार
ग्रामरवर वर छान आलंय, मी शब्दांवर लिहितो कारण तिथे लोक सगळ्यात जास्त वेळ वाया घालवतात. 'रोज दहा अवघड शब्द' वाल्या याद्या बघू नका. इंग्रजीत थोडे शब्द प्रचंड वेळा येतात आणि बाकीचे क्वचित. आधी वारंवार येणारे पक्के करायचे. 'ऑक्सफर्ड ३०००' नावाची यादी ऑक्सफर्डच्या लर्नर्स डिक्शनरीच्या (भाषा शिकणाऱ्यांसाठीच्या) साइटवर फुकट मिळते, ए१ (अगदी सुरुवात) ते बी२ (मध्यमच्या वर) अशा पातळ्या लावलेल्या आहेत. ती वरून खाली बघत जा. बरेच शब्द ओळखीचे निघतील, पण 'ओळखीचा' आणि 'मी वाक्यात वापरतो' यात फरक करा, दुसऱ्या गटात न बसणाऱ्यांवर खूण करा. तुमचं काम त्या खुणांमध्ये आहे. ही झाली की पुढचे २००० मिळून ५००० ची यादी आहे.

पॉल नेशन म्हणून शब्दसंग्रहावर काम केलेले भाषाशास्त्रज्ञ आहेत, त्यांच्या २००६ च्या हिशोबाने कादंबरी किंवा वर्तमानपत्र डिक्शनरीशिवाय वाचायला ८ ते ९ हजार शब्दकुटुंबं लागतात (डिसाइड, डिसिजन, डिसाइसिव्ह हे एक कुटुंब). आकडा बघून घाबरू नका, एवढे कोणी पाठ करत नाही. पहिले तीन हजार मेहनतीने, पुढचे मुख्यतः वाचनातून.

शब्द एकटा लिहू नका, जोडीदारासकट लिहा. 'डिसिजन' नाही, 'मेक अ डिसिजन'. 'रिस्पॉन्सिबल' नाही, 'रिस्पॉन्सिबल फॉर'. 'मॅरीड टू', 'गुड ॲट', 'डिपेंड ऑन'. आणि 'डिस्कस' च्या पुढे काहीच नाही, 'डिस्कस द इश्यू', मध्ये अबाउट नको. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटलेला असतो, इंग्रजीत तो सुटा पडतो म्हणून आपण अंदाजाने इन, विथ लावतो. जोडीने पाठ केलं की अंदाज लावावाच लागत नाही.

लक्षात राहायला अँकी हे फ्लॅशकार्डांचं ॲप वापरा. कॉम्प्युटर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात. विसरायच्या बेताला आलेलं कार्ड ते परत समोर आणतं. कार्डाच्या पुढच्या बाजूला गाळलेली जागा असलेलं वाक्य ठेवा, मागे उत्तर. दुसऱ्यांच्या तयार डेकपेक्षा (कार्डांच्या संचापेक्षा) आपल्या वाचनात भेटलेल्या वाक्यांची कार्डं कितीतरी पटीने टिकतात, कारण ते वाक्य कुठे वाचलं हे आठवतं.

साधीसुधी
डिक्शनरीचं कोणी सांगितलं नाही म्हणून. इंग्रजी-इंग्रजीच, पण लर्नर्सची. साध्या डिक्शनरीत अर्थ कळायला अजून चार शब्द शोधावे लागतात. लाँगमनची ऑनलाइन आहे, तिच्यात सगळे अर्थ साधारण २००० सोप्या शब्दांतच लिहिलेत. शब्दापुढे 'एस१', 'डब्ल्यू१' असं दिसतं, म्हणजे बोलण्यात किंवा लिहिण्यात पहिल्या हजारात येणारा शब्द. केंब्रिजच्या साइटवर शब्दाची पातळी दिलेली असते. मराठी अर्थ शेवटी एकदा बघून घ्या, त्यात गैर काही नाही, झाड-पक्ष्यांच्या नावांना तर तोच सगळ्यात पटकन कळतो.
उच्चार ऐकायचं बटण दाबायला विसरू नका. 'रेकॉर्ड' नाम असेल तर जोर पहिल्या भागावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर, हे लिहिलेलं वाचून कळत नाही.

उंबरठा
सगळ्यांचे मनापासून आभार. 'पासून' वालं वाचून एकदम उजेड पडला. दोन प्रश्न उरलेत. दिवसाला नवीन शब्द किती घ्यावेत? आणि मीटिंगमध्ये बोलण्याचं काय, तिथे विचार करायला वेळच नसतो.

अनुस्वार
नवीन पाच ते आठ, जास्त नको. अँकीत आजची नवीन कार्डं पुढचे कित्येक दिवस परत येत राहतात, वीस-वीस घेतली तर दोन आठवड्यांत सगळा पाऊण तास उजळणीतच जातो. आणि वाचायला थोडं सोपंच घ्या, पानावर पाच-सहाच्या वर अनोळखी शब्द असतील तर ते पुस्तक नंतरसाठी ठेवा. ग्रेडेड रीडर्स मिळतात, पातळीप्रमाणे सोपी करून लिहिलेली, मोठ्या माणसांसाठीही असतात, त्यात कमीपणा वाटून घेऊ नका.

खडूफळा
बोलण्यासाठी तयार तुकडे ठेवायचे. मीटिंगमध्ये तुम्ही साधारण काय करता? मुद्दा विचारता, असहमती दाखवता, वेळ मागता, मध्ये बोलता. प्रत्येकाचे दोन-तीन तुकडे तोंडात बसवा. 'कॅन आय जस्ट ॲड समथिंग', 'आय सी युअर पॉइंट, बट', 'आय विल हॅव टू चेक अँड गेट बॅक टू यू', 'कुड यू वॉक मी थ्रू दॅट अगेन'. हे शब्द-शब्द जुळवायचे नसतात, अख्खे बाहेर येतात, आणि ते बोलेपर्यंत पुढचं वाक्य सुचायला दोन-तीन सेकंद मिळतात. मराठीतून फिरवणं इथेच कमी होतं.
घरी मोबाईलवर एक मिनिट रेकॉर्ड करा, आज काय काम केलं एवढंच. ऐका, एक चूक शोधा, तेच परत बोला. दुसऱ्यांदा बोललेलं नेहमी बरं येतं.
ऐकायला बीबीसीचं 'सिक्स मिनिट इंग्लिश' घ्या, छोटं आहे आणि लिखित रूप सोबत मिळतं. आधी न बघता ऐका, मग वाचत ऐका.

पानगळ
निळीशाईंचा मुद्दा पटला. मालिका बघण्याबरोबर मर्फी पण मागवतेय. एआयला मेल लिहून द्यायला सांगितलं तर चालेल का?

निळीशाई
आधी स्वतः लिहा, मग त्याला सांगा की दुरुस्त करू नकोस, फक्त कुठल्या ओळीत चूक आहे ते सांग. ती तुम्ही शोधा. नाही सापडली तर नियम विचारा आणि तो मर्फीत पडताळून घ्या. तयार मेल मागितला तर मेल चांगला जाईल पण शिकणं होणार नाही.

उंबरठा
शेवटचं, ब्रिटिश की अमेरिकन? ऑफिसात दोन्ही दिसतं.

साधीसुधी
स्पेलिंग एक ठरवा आणि एका मेलमध्ये तेच ठेवा, कंपनीचं काही ठरलेलं असेल तर ते. ग्रामरमध्ये फरक थोडे आहेत, उदा. 'आय जस्ट सेंट इट' अमेरिकन लोक सर्रास म्हणतात, ब्रिटिश बहुतेक 'आय हॅव जस्ट सेंट इट'. असे फरक मर्फीच्या मागे परिशिष्टात एकत्र दिलेत, एकदा वाचून घ्या.