तळहातावर पडला, एक्स-रे नॉर्मल, तरी मनगट दुखतंय: "मुरगळलंय" म्हणून सोडायचं का?

लाल_माती
नमस्कार मंडळी. कुस्तीच्या तालमीतल्या प्रथमोपचाराची पेटी माझ्याकडे असते. जत्रांची मैदानं सुरू झाली की हात धरून हौद्याबाहेर (कुस्तीच्या मातीच्या आखाड्याबाहेर) येणारी पोरं वाढतात. जाणकारांनी तीन गोष्टी स्पष्ट कराव्यात.

ढाक (पाडण्याचा एक डाव) लागली की पोरगं हात टेकून पडतं. मनगट थोडं सुजतं, पण बोटं हलतात. "बोटं हलतात म्हणजे हाड शाबूत" असं सगळे म्हणतात, ते कितपत खरं?

एक्स-रे नॉर्मल आला आणि आठ दिवसांनीही जोर मारताना अंगठ्याच्या मुळाशी चमक येत असेल, तर काय करायचं?

आणि बोटाचं टोक वाकत नाही किंवा सरळ होत नाही, त्याला घाई असते का? की सूज उतरेपर्यंत थांबलं तरी चालतं?

हाडजोड_कोल्हापूर
पहिल्याचं उत्तर सरळ आहे: खरं नाही. बोटं हलवणारे स्नायू कोपराखालच्या भागात असतात, त्यांच्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) मनगटावरून पुढे बोटांत जातात. खालचं हाड तडकलेलं असलं तरी बोटं हलतात. हा समज तालमीतून काढून टाकाच.

तुम्ही सांगताय त्या जागी, म्हणजे अंगठ्याच्या मुळाशी, स्कॅफॉइड नावाचं छोटं, नावेसारखं हाड असतं. मनगटाच्या आठ लहान हाडांपैकी सगळ्यांत जास्त मोडणारं हेच, आणि मोडतंही तरुणांचंच. मनगट मागे वाकलेलं असताना सगळं वजन तळहातावर आलं की हे मधोमध चिरतं. सूज फार येत नाही, मनगट वाकडं दिसत नाही, म्हणून "मुरगळलंय" म्हणून सुटतं.

तीन जागा तपासा. आधी चांगल्या हातावर, मग दुखऱ्या हातावर, कारण पहिली जागा जोरात दाबली तर सगळ्यांनाच थोडी दुखते.

अंगठा वर ताणला की मनगटाच्या बाजूला दोन दोऱ्या उभ्या राहतात आणि त्यांच्यामध्ये खळगा पडतो. त्या खळग्यात बोटाच्या टोकाने दाबा. मग तळहाताच्या बाजूने, मनगटाच्या घडीजवळ अंगठ्याखाली एक बारीक उंचवटा लागतो, तो दाबा. शेवटी अंगठा सरळ धरून त्याच्याच रेषेत मनगटाकडे हलकेच ढकला. यातलं एकही दुसऱ्या हातापेक्षा स्पष्ट जास्त दुखलं, तर त्याच दिवशी एक्स-रे. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून "स्कॅफॉइड व्ह्यू" लिहून घ्या. त्यात पंजा करंगळीकडे झुकवून फोटो काढतात, त्यामुळे हाड लांबीला पूर्ण दिसतं. नेहमीच्या दोन फोटोंत ते आखडलेलं दिसतं आणि चीर लपते.

आता दुसरा प्रश्न. पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत ही चीर बऱ्याचदा दिसतच नाही. म्हणून खळग्यात दुखतंय आणि फोटो नॉर्मल आहे, अशा वेळी हाड मोडलंय असंच धरून मनगट प्लास्टरमध्ये किंवा पक्क्या स्प्लिंटमध्ये ठेवतात. 10 ते 14 दिवसांनी पुन्हा तपासणी आणि पुन्हा फोटो. तोवर चिरेच्या कडा थोड्या विरघळतात, मग रेघ दिसते. थांबायचं नसेल तर एमआरआय, त्यात पहिल्या काही दिवसांतच कळतं. तुमच्या आठ दिवसवाल्याचे जोर आजच बंद करा, हात बांधा आणि सीपीआरच्या (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) किंवा जवळच्या अस्थिरोग ओपीडीत पाठवा.

एवढी घाई का, तेही वस्तादांना समजावून सांगा. या हाडाला रक्त बोटांकडच्या टोकातून शिरतं आणि उलटं मनगटाकडे येतं. मधोमध चीर गेली की मागच्या, म्हणजे कोपराकडच्या, तुकड्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. मग तो तुकडा जुळत नाही, कधी मरतो, आणि काही वर्षांत अख्खं मनगट झिजतं. न हललेली मधली चीर प्लास्टरमध्ये साधारण 8 ते 12 आठवडे घेते, मागच्या टोकाची त्याहून जास्त. तुकडा सरकला असेल तर स्क्रू.

हस्तोपचार
तिसऱ्या प्रश्नात दोन अगदी वेगळ्या दुखापती आहेत आणि त्यांची घाईही वेगळी.

टोक वाकत नाही: ही मोठी घाई. समोरच्याला खाली घेऊन लंगोट किंवा जांघ्या घट्ट धरलेला असतो, तो झटका मारून सुटतो आणि बोट वाकवणारी खोल कंडरा हाडावरून उपटून येते. बहुतेक वेळा अनामिकेची. बोट मधल्या सांध्यात वाकतं, म्हणून लक्षात येत नाही. तपासायचं असं: मधलं पेर तुमच्या चिमटीत सरळ धरून ठेवा आणि फक्त टोक वाकवायला सांगा. अजिबात वाकलं नाही तर दुसऱ्या दिवशीच हाताच्या सर्जनकडे. सुटलेली कंडरा तळहातापर्यंत आखडली असेल तर 7 ते 10 दिवसांच्या आत शिवावी लागते, नंतर ती ओढून जागेवर येत नाही. सूज उतरायची वाट बघण्यातच हे दिवस जातात.

टोक सरळ होत नाही, लोंबतं: वरच्या बाजूची कंडरा सुटली. यालाही एक्स-रे हवा, कारण कधी हाडाचा तुकडा घेऊन सुटते. तुकडा मोठा नसेल आणि सांधा जागेवर असेल तर ऑपरेशनशिवाय बरं होतं, पण शिस्त कडक. फक्त टोकाचा सांधा सरळ ठेवणारी पट्टी, रात्रंदिवस 6 ते 8 आठवडे, पुढे काही आठवडे फक्त रात्री. मधला सांधा मोकळा ठेवायचा. पट्टी धुवायला काढताना बोट टेबलावर सपाट टेकलेलं हवं. मधे एकदा जरी टोक खाली पडलं तरी दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. आणि बोट मागे फार ताणून बांधू नका. सांध्यावरची कातडी पांढरी पडली तर तिथे जखम होते.

अंगठा बाहेर फाकला गेला असेल तर आतल्या बाजूचा लिगामेंटही (हाडाला हाड बांधणारा पट्टा) बघून घ्या. चिमटीत कागद धरता येत नसेल किंवा सांधा एका बाजूला ढिला लागत असेल तर तपासणी लांबवू नका. पूर्ण तुटलेल्या लिगामेंटचं टोक कधी कधी शेजारच्या स्नायूच्या पडद्यावर अडकून बसतं, मग कितीही दिवस बांधलं तरी जुळत नाही.

उद्यमनगर_सेफ्टी
विषय कुस्तीचा आहे, पण किरकोळ दिसून हात घालवणारी एक दुखापत वर्कशॉपवाल्यांनी वाचावी म्हणून लिहितो. ग्रीस गन किंवा हायड्रॉलिक पाइपची बारीक पिचकारी बोटात घुसते. वर सुईच्या टोकाएवढं भोक, सुरुवातीला दुखणं जवळजवळ नाही. आत मात्र ग्रीस किंवा तेल कंडरेच्या आवरणातून तळहाताकडे पसरलेलं असतं. मलमपट्टी करून घरी पाठवू नका. दाबून काढायचा प्रयत्नही नको. लगेच ऑपरेशन करून धुवावं लागतं, तास मोजायचे, दिवस नाही. नेताना कोणता पदार्थ होता ते सांगा. थिनर आणि रंग सगळ्यांत वाईट.

लाल_माती
फार उपयोगी, आभार. वस्ताद जुन्या वळणाचे आहेत, त्यांचा आग्रह तेल लावून चोळायचा आणि हळद लावून आवळून बांधायचा असतो. त्यांचा मान राखून काय सांगू?

हाडजोड_कोल्हापूर
वस्तादांची मालिश मेहनतीनंतरच्या अंगदुखीला चांगलीच, तिथे हात घालू नका. ताज्या दुखापतीला पहिले दोन-तीन दिवस चोळणं नको एवढंच सांगा. आत रक्त साकळत असतं, चोळल्याने सूज वाढते आणि चिरलेलं हाड सरकू शकतं. त्यांच्याच हातून करून घ्यायचं ते असं: अंगठी, कडं, मनगटातला गंडा आधी काढायचा, सूज आल्यावर निघत नाही. फडक्यात गुंडाळलेला बर्फ 15 ते 20 मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. हात छातीच्या वर. बांधणी इतकीच घट्ट की नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत गुलाबी व्हावं.

बांधल्यावर बोटं बधिर, थंड किंवा निळसर झाली, किंवा बोटं सरळ करताना असह्य कळ येऊ लागली, तर पट्टी तिथेच सोडा आणि थेट दवाखान्यात न्या. मनगट काट्याच्या चमच्यासारखं वाकडं दिसत असेल तर ओढून बसवायला जाऊ नका, आहे तसं पुठ्ठ्यावर टेकवून झोळीत घालून न्या.

हस्तोपचार
परत हौद्यात उतरवायच्या आधीचं माझ्याकडून. खळगा दाबल्यावर दुखत नाही, दोन्ही मनगटं मागे सारखी वाकतात, मुठीची पकड दुसऱ्या हाताच्या जवळपास आली आहे, भिंतीवर आणि मग जमिनीवर जोर चमक न येता निघतात, या क्रमाने बघा. स्कॅफॉइड मोडलेल्या पैलवानाला मात्र यावरून सोडू नका. हाड जुळलंय हे डॉक्टरांनी फोटोवर, शंका असेल तर सीटी स्कॅनवर बघून सांगायला हवं, कारण न जुळलेलं हाडही बरेच महिने गप्प राहतं.