वार्षिक रॅलीसाठी सामायिक निवास : दूरचे एकच मोठे घर घ्यावे की मैदानाजवळच्या खोल्या?

प्रश्न

नमस्कार. आमच्या मोटरसायकल गटाच्या वार्षिक रॅलीत निवासाची व्यवस्था पाहण्याची जबाबदारी यंदा माझ्याकडे आली आहे. गटातून २२ जण येणार असून त्यांपैकी १८ जण स्वतःची गाडी चालवत येतील आणि चौघे मागच्या सीटवर असतील. मुक्काम तीन रात्रींचा आहे. पहिल्या दिवशी सर्वजण लांबचा प्रवास करून पोहोचतील, पुढचे दोन दिवस रॅलीच्या मैदानावर कार्यक्रम आणि आसपासच्या रस्त्यांवर सामूहिक राइड असेल आणि चौथ्या दिवशी पहाटे परतीचा प्रवास सुरू होईल.

माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. पहिला पर्याय म्हणजे मैदानापासून सुमारे २० किलोमीटरवरचे एक मोठे घर. ते वळणावळणाच्या रस्त्याने गाठावे लागते, समोर खडी टाकलेले अंगण आहे आणि जाहिरातीत २४ जणांची सोय असल्याचे लिहिले आहे. दुसरा पर्याय मैदानापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावरच्या लॉजमधील दोन-दोन, तीन-तीन खाटांच्या खोल्यांचा आहे. त्याचा माणशी खर्च पहिल्याच्या जवळपास दीडपट होतो आणि गाड्यांसाठी तेथे तळघर आहे. तिसरा पर्याय मैदानाला लागूनच असलेल्या डॉर्मिटरीचा असून तो सर्वांत स्वस्त आहे.

गटातील बहुसंख्य सदस्यांचा कल घराकडे आहे, कारण वर्षातून एकदाच सर्वजण भेटतात आणि रात्री एका छताखाली बसून गप्पा व्हाव्यात असे त्यांना वाटते. ही इच्छा मला महत्त्वाची वाटते आणि केवळ सोयीच्या कारणाने ती बाजूला सारण्याची माझी तयारी नाही. तरीही निर्णय घेण्याआधी कोणत्या गोष्टी तपासाव्यात आणि खर्चाची वाटणी कशी करावी, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

प्रतिसाद १

आपण तिन्ही पर्यायांची तुलना खर्च आणि सहवास या दोन बाजूंनी केली आहे. माझ्या मते त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा : कार्यक्रम संपल्यावर रात्री अंथरुणापर्यंत पोहोचण्यासाठी कोणाला गाडी चालवावी लागणार आहे का? घर घेतले तर याचे उत्तर "अठराच्या अठरा जणांना, तीही अंधारात, वळणांच्या रस्त्यावर" असे येते, आणि माझ्या दृष्टीने तेथेच या निर्णयाचा निकाल लागतो.

रॅलीच्या दिवशी माणूस पहाटे पाच-साडेपाचला उठतो, दिवसभर उन्हावाऱ्यात गाडी चालवतो आणि रात्री साडेदहा-अकराला मैदानावरून निघतो. म्हणजे त्या वेळी तो सलग सतरा तास जागा असतो. डॉसन आणि रीड यांनी १९९७ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले होते की सलग १७ तासांच्या जागरणानंतर हात आणि डोळे यांच्या समन्वयाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी खालावते, आणि २४ तासांनंतर ती ०.१० टक्क्यांच्या पातळीला जाते. येथे मद्याचा एक थेंबही न घेतलेल्या माणसाविषयी आपण बोलत आहोत. ज्यांनी घेतले असेल त्यांच्यासाठी तर २० किलोमीटर दूरच्या घराचा पर्याय उरतच नाही, कारण शरीर मद्याचा निचरा आपल्या ठरावीक संथ गतीनेच करते आणि कॉफीने किंवा गार पाण्याच्या आंघोळीने ती गती वाढत नाही. रात्री उशिरापर्यंत बरेच प्यालेल्या माणसाच्या रक्तात पहाटेही मद्य शिल्लक असू शकते, ही बाब परतीच्या दिवसासाठी विशेष लक्षात ठेवावी.

सहवासाची आपली इच्छा मला पूर्णपणे मान्य आहे. मात्र तिच्यासाठी एकत्र झोपण्याची गरज नसते, एकत्र बसण्याच्या जागेची गरज असते. लॉजच्या व्यवस्थापकाला विचारून एखादी मोठी खोली किंवा गच्ची रात्रीच्या ठरावीक वेळेपर्यंत मिळवता येते का ते पाहावे. गप्पांमधून ज्याला उठावेसे वाटेल तो उठून शांत खोलीत झोपू शकतो, ही सोय मोठ्या घराच्या दिवाणखान्यात गादी टाकून झोपणाऱ्याला कधीच मिळत नाही.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, परंतु लॉज निवडले तरी गाड्यांच्या जागेची पाहणी स्वतः केल्याशिवाय पैसे भरू नयेत. "पार्किंग आहे" हे वाक्य सांगणारा बहुधा मोटारींचा विचार करत असतो.

साधारण मोठी मोटरसायकल सुमारे सव्वादोन मीटर लांब असते आणि तिचे हँडल ८० ते ९० सेंटीमीटर रुंद असते. स्वाराला बाजूला उभे राहून ती स्टँडवरून सरळ करता यावी आणि शेजारच्या गाडीला सामानाची पेटी घासू नये, यासाठी प्रत्येक गाडीमागे सव्वा मीटर रुंदी धरावी. अठरा गाड्या नऊ-नऊच्या दोन रांगांत समोरासमोर लावल्या आणि मध्ये वळवण्यासाठी साडेतीन मीटर वाट ठेवली, तर साधारण साडेअकरा मीटर रुंद आणि आठ मीटर खोल एवढी मोकळी जागा लागते. ही मापे घेऊनच लॉजवाल्यांशी बोलावे. जागा याहून कमी असेल तर पहाटे ज्याला आधी निघायचे असेल त्याची गाडी नेमकी आतल्या कोपऱ्यात अडकते आणि मग सर्वांना उठवावे लागते.

जमीन कशी आहे हे जागेच्या मापाइतकेच महत्त्वाचे आहे. सामानासह दोनशे किलोहून अधिक वजनाच्या गाडीचा बराचसा भार साइड स्टँडच्या तळहाताहूनही लहान पायावर येतो, त्यामुळे खडीत, ओल्या मातीत आणि भर उन्हात मऊ झालेल्या डांबरातसुद्धा स्टँड हळूहळू रुतत जातो. संध्याकाळी नीट उभी असलेली गाडी मध्यरात्री आडवी होते आणि शेजारच्या दोन-तीन गाड्यांना सोबत घेते. ज्यांच्या अंगणात खडी आहे त्यांच्याकडे उतरायचेच झाले, तर प्रत्येकाने स्टँडखाली ठेवण्यासाठी रुंद पट्टी किंवा फळीचा तुकडा सोबत न्यावा.

उताराची गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. साइड स्टँड मागच्या बाजूला दुमडतो, म्हणून गाडीचे तोंड उताराकडे असेल आणि ती थोडी पुढे सरकली, तर स्टँड आपोआप मिटतो. तोंड चढाकडे करून पहिल्या गिअरमध्ये उभी केलेली गाडी सुरक्षित राहते. शिवाय बहुतेक मोटरसायकलींना रिव्हर्स गिअर नसतो, त्यामुळे तोंड खाली करून लावलेली गाडी सकाळी चढावर मागे ढकलावी लागते आणि सामान लादलेले असेल तर ते काम एकट्याच्या आवाक्यातले नसते. आपण तळघराचा उल्लेख केला आहे, तेव्हा त्याच्या उतरणीचा चढ, तिचे वळण आणि पावसात तिच्यावर पाणी साचते का, हे तिन्ही प्रत्यक्ष पाहावे.

तळघराबाबत आणखी एक इशारा मी आग्रहाने देऊ इच्छितो. बंदिस्त जागेत इंजिन चालू करून ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग किंवा वास नसतो आणि तो जिन्यावाटे वरच्या खोल्यांपर्यंत पोहोचू शकतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साठून राहते, म्हणून तेथे गॅसवर चालणारा गीझर किंवा कोणतीही उघडी ज्योत आहे का याची खात्री करावी. गाड्या हाताने ढकलत बाहेर आणाव्यात आणि बाहेर आल्यावरच सुरू कराव्यात. इंधन-इंजेक्शनच्या गाड्यांना उभ्या जागी दीर्घकाळ तापवण्याची गरज नसते, पहिले काही मिनिटे सौम्यपणे चालवणे पुरेसे असते. त्यामुळे इतर पाहुण्यांची पहाटेची झोपही मोडत नाही आणि पुढच्या वर्षी त्याच लॉजमध्ये आपले स्वागत होते.

प्रश्नकर्ता

दोन्ही प्रतिसादांबद्दल मनःपूर्वक आभार. घराच्या मालकांकडे आज अधिक चौकशी केली. २४ जणांच्या सोयीत सहा मोठे पलंग प्रत्येकी दोघांचे, चार एकेरी खाटा आणि उरलेल्या आठ जणांसाठी दिवाणखान्यातील सोफे व गाद्या धरल्या आहेत. स्नानगृहे तीन आहेत आणि प्रत्येकात २५ लिटरचा गीझर आहे. ही माहिती पाहता घराचा विचार कितपत करावा?

प्रतिसाद ३

आपण आता दिलेले आकडे जाहिरातीपेक्षा कितीतरी अधिक सांगतात. किती माणसे मावतात यापेक्षा एका माणसाला एक खाट मिळते का, हे मोजावे. जोडपी सोडली तर दिवसभर गाडी चालवून आलेल्या दोन प्रौढ माणसांना एका पलंगावर झोपायला लावणे योग्य नाही, आणि या हिशोबाने त्या घरात २२ जणांना नीट झोप मिळणार नाही. प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप लागते आणि रॅलीतील दुसऱ्या व तिसऱ्या दिवसाची सुरक्षितता त्या सात तासांवर उभी असते.

गीझरचा हिशोबही करून पाहावा. पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायचे असेल, तर २ किलोवॉटचा २५ लिटरचा गीझर सुमारे ३५ मिनिटे घेतो. ते गरम पाणी तेवढ्याच गार पाण्यात मिसळले की आंघोळीजोगे सुमारे ५० लिटर पाणी होते. शॉवरमधून मिनिटाला आठ लिटर पाणी येत असेल, तर पाच मिनिटांच्या आंघोळीला ४० लिटर लागतात. याचा अर्थ एकाची आंघोळ झाली की दुसऱ्याने जवळपास अर्धा तास थांबायचे, आणि एका स्नानगृहामागे सात माणसे आहेत. पहाटे निघणाऱ्या गटाला हे वेळापत्रक झेपणारे नाही. लॉजमध्येही हाच प्रश्न विचारावा, कारण गरम पाणी केवळ ठरावीक वेळेतच सोडण्याची पद्धत असेल तर पहाटेच्या निघण्याच्या वेळेशी ती जुळते का, हे आधी ठरवून घेणे बरे.

पाऊस लागला तर काय, याचा विचार फार थोडे गट करतात. बावीस जणांची ओली जॅकेट, बूट आणि हातमोजे वाळवण्यासाठी वारा खेळणारी, छप्पर असलेली जागा लागते. झोपण्याच्या खोलीत ते कपडे टांगले की खोली दमट होते आणि सकाळपर्यंत काहीच वाळत नाही. चामड्याच्या वस्तू हीटरला लावून वाळवू नयेत, कारण त्या कडक होऊन तडकतात. बुटांत कागद कोंबून ते सावलीत ठेवावेत. ओले हातमोजे घालून केलेल्या प्रवासात बोटे बधिर होतात आणि ब्रेकवरची पकड ढिली पडते, म्हणून वाळवण्याच्या जागेला मी चैनीच्या सोयींत धरत नाही.

डॉर्मिटरीविषयी थोडक्यात सांगतो. घोरणारे, उशिरा येणारे आणि पहाटे उठणारे एकाच दालनात आले की कोणाचीच झोप पूर्ण होत नाही. खोल्या घेतल्यास घोरणाऱ्यांना आधीच विचारून एकत्र ठेवता येते. बहुतेकजण मोकळेपणाने सांगतात. महिला सदस्यांना कडी असलेली खोली आणि शक्य असल्यास स्वतंत्र स्नानगृह द्यावे, आणि हे त्यांनी मागण्याची वाट पाहू नये.

प्रतिसाद ४

खर्चाच्या वाटणीविषयी कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो.

वाटणी गाडीमागे न करता खाटेमागे आणि रात्रीमागे करावी, म्हणजे मागच्या सीटवर येणाऱ्यांचा किंवा दोनच रात्री राहणाऱ्यांचा वाद उद्भवत नाही. पूर्ण घराचे भाडे ठरलेले असते. त्यामुळे बावीसपैकी तिघे ऐनवेळी गळाले, तर उरलेल्या १९ जणांचा प्रत्येकी खर्च सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो. खोल्यांच्या बाबतीत एखादी खोली रद्द करता येते. आपल्याला दिसणारा दीडपटीचा फरक या दृष्टीने पुन्हा तपासावा आणि घरापासून मैदानापर्यंतच्या रोजच्या जाण्यायेण्याचे पेट्रोलही त्यात मिळवावे.

रद्द करण्याची अंतिम तारीख लेखी घ्यावी आणि सदस्यांकडून पैसे त्या तारखेच्या किमान आठवडाभर आधी जमा करावेत. ज्याने पैसे दिले नाहीत त्याची खाट धरू नये. हा नियम कठोर वाटेल, पण त्यामुळे एकाच माणसाच्या खिशावर सर्व भार पडत नाही. बुकिंगही लवकर करावे. अमेरिकेतील स्टर्जिस येथे १९३८ पासून भरणाऱ्या रॅलीत सुमारे सात हजार वस्तीच्या गावात काही लाख लोक येतात. छोट्या रॅलीतही प्रमाण काहीसे असेच असते, म्हणजे गावातल्या खाटा मोजक्या आणि येणारे सगळे एकाच तारखांना.

प्रश्नकर्ता

सर्वांचे पुन्हा आभार. गटाशी बोलून लॉज निश्चित केले आहे. व्यवस्थापकांनी रात्री साडेदहापर्यंत भोजनकक्ष आमच्यासाठी मोकळा ठेवण्याचे मान्य केले, आणि हे कळल्यावर घराचा आग्रह धरणाऱ्या मंडळींचा विरोध मावळला. तळघराची मापे पुरेशी भरली, उतरण मात्र तीव्र आहे. एकच शंका उरते. पहिल्या रात्री तिघेजण बऱ्याच उशिरा पोहोचणार आहेत. त्यांच्यासाठी काय करावे?

प्रतिसाद २

त्या तिघांना एकत्र आणि दाराजवळची खोली द्यावी, म्हणजे त्यांच्या येण्याने इतर कोणी जागे होणार नाही. लॉजचे मुख्य दार रात्री किती वाजता बंद होते आणि नंतर कोण उघडते, हे व्यवस्थापकांकडून आजच विचारून तिघांनाही कळवावे. दमलेल्या अवस्थेत आणि अंधारात त्यांना तीव्र उतरणीवरून गाडी खाली न्यायला लावू नये. त्यांच्यापुरती तीन गाड्यांची जागा वर, सपाट आणि उजेडाच्या ठिकाणी राखून ठेवावी आणि साखळी अडकवता येईल असा भक्कम खांब तेथे आहे का, ते पाहून घ्यावे. उतरणीवर गाड्या चढवण्या-उतरवण्यासाठी सकाळ-संध्याकाळ दोघांची पाळी लावावी. जड गाडीच्या स्वाराला मागून हात देणारे कोणी असले की ते काम सुरळीत होते.