मदत हवी आहे: वॉलेस खटल्यातली मिनिटं जुळत नाहीत

नमस्कार मंडळी. लिव्हरपूलच्या ज्युलिया वॉलेसच्या खुनावर (२० जानेवारी १९३१) कोणी खोलात वाचलंय का? दोन आठवडे कागदावर मिनिटं मांडतोय, डोकं चालेना.

नवरा विल्यम विमा एजंट, खुनाचा आरोपही त्याच्यावरच. आदल्या संध्याकाळी त्याच्या बुद्धिबळ क्लबात कुणा 'क्वॉलट्रो'चा फोनवर निरोप: उद्या साडेसातला २५, मेनलव्ह गार्डन्स ईस्टला या. असा पत्ताच नव्हता! आणि फोन आला वॉलेसच्या घराजवळच्या बूथवरून.

दूधवाल्या पोराने ज्युलियाला दारात शेवटचं जिवंत पाहिलं ते साडेसहा ते पावणेसातच्या दरम्यान. ७ वाजून ६ मिनिटांनी त्या पत्त्याकडे निघालेला वॉलेस स्मिथडाउन रोडच्या ट्रामपाशी. प्रवास वजा केला तर हातात फार तर वीस मिनिटं, कदाचित पाचच. एवढ्यात खून करून अंगावर रक्ताचा टिपूसही नाही?

हेतूचं तर विचारूच नका. विमा जेमतेम २० पौंडांचा, भांडणाचा पुरावा नाही. तरी ज्यूरीने दोषी ठरवलं. मे महिन्यात अपिलात सुटला.

मला अडतंय ते इथे: क्लब जिथे भरायचा त्या कॅफेत सामन्यांचा तक्ता सगळ्यांसमोर लावलेला होता, म्हणजे तो फोन तिऱ्हाईतही करू शकला असता. मग दूधवाल्याची कोणती वेळ धरायची, आणि का?