1992 नंतरचा जॉर्ज कार्लिन: विनोद की प्रवचन?

रात्रपाळी

गेल्या आठवड्यात मित्रांमध्ये कार्लिनवरून चांगलंच वाजलं. एकाचं म्हणणं, "तरुणपणीचा कार्लिन ऐकावा. पुढे तो नुसता चिडका म्हातारा झाला." हे मत मी अनेकांकडून ऐकलंय आणि मला ते साफ चुकीचं वाटतं.

ज्यांनी त्याला पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जॉर्ज कार्लिन हा अमेरिकन विनोदवीर, मंचावर एकटा उभा राहून बोलणारा. जन्म 1937, न्यूयॉर्क. साठच्या दशकात सूट-टाय घालून टीव्हीवर गमतीजमती करायचा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दाढी-केस वाढवले आणि टीव्हीवर उच्चारायला मनाई असलेल्या सात शब्दांवर एक तुकडा लिहिला. जुलै 1972 मध्ये मिलवॉकीच्या जत्रेत तो सादर केला म्हणून अटक झाली, पुढे खटला निकालात निघाला. ऑक्टोबर 1973 मध्ये न्यूयॉर्कच्या एका रेडिओ केंद्राने त्याच विषयावरची त्याची ध्वनिमुद्रिका भर दुपारी लावली. गाडीत मुलासोबत ती ऐकलेल्या एका बापाने तक्रार केली. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि 1978 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला: मुलं ऐकत असण्याच्या वेळेत असलं प्रसारण सरकारी यंत्रणा रोखू शकते.

त्याच काळात एचबीओ ही पैसे भरून बघायची वाहिनी आली होती. हवेतून फुकट घराघरांत जाणाऱ्या रेडिओ-टीव्हीचे नियम तिला लागू नव्हते. 1977 मध्ये तिथे त्याचा पहिला पूर्ण कार्यक्रम दाखवला गेला. तेव्हाही कार्यक्रमाच्या सुरुवातीला एका पत्रकार बाईंकडून प्रेक्षकांना इशारा द्यावा लागला! तिथपासून मार्च 2008 पर्यंत एचबीओवर त्याचे चौदा कार्यक्रम झाले.

माझा मुद्दा असा, की 1992 च्या न्यूयॉर्कच्या कार्यक्रमापासून पुढचंच त्याचं खरं काम आहे. त्याची सुरुवात आखाती युद्धापासून होते. आपल्या देशाला बॉम्ब टाकायला का आवडतं, हे तो जवळपास दहा मिनिटं सोलून काढतो. युद्ध नुकतंच 'जिंकलेलं' असताना, भर मॅनहॅटनमध्ये. मग बेघरांचा प्रश्न सोडवायला गोल्फची मैदानं ताब्यात घ्या म्हणतो. शेवटी पृथ्वी वाचवायला निघालेल्यांकडे वळतो. हा माणूस वर्षभर गावोगाव फिरून एकेक वाक्य घासायचा, ते चित्रित झालं की बहुतेक सगळं टाकून द्यायचा आणि पुन्हा कोऱ्या कागदावर बसायचा. पन्नाशी ओलांडल्यावर, हृदयविकाराचे झटके सोसून. याला चिडचिड म्हणायचं?

वाचनवेडा

मी तुमच्या मित्राच्या बाजूचा आहे.

2005 चा कार्यक्रम पुन्हा बघा. त्यात 'अमेरिकन ड्रीम'वरचा प्रसिद्ध भाग आहे, देशाचे मालक वेगळेच आहेत आणि तुमच्या हातात काही नाही असं सांगणारा. आता आवाज बंद करून फक्त प्रेक्षकांकडे पाहा. लोक टाळ्या वाजवतायत, शिट्ट्या मारतायत. हसू फार थोडं. टाळी म्हणजे 'हे मला आधीच पटलेलं होतं'. हसू अनपेक्षितपणे फुटतं, त्यात आपण स्वतः पकडले जातो. बेसबॉल आणि फुटबॉलच्या भाषेतला फरक सांगणारा, किंवा माणूस आयुष्यभर आपलं 'सामान' कसं जमवत, हलवत आणि राखत बसतो हे सांगणारा कार्लिन मला पकडतो. 2005 चा कार्लिन मला माझ्याच बाजूला उभं करून इतरांना मूर्ख म्हणतो. राजकीय सभाही हेच करते.

दुसरी गोष्ट मतदानाची. 1996 मध्ये त्याने जाहीर सांगितलं की मी मत देत नाही, म्हणून तक्रारीचा हक्क माझाच. टाळ्याच टाळ्या. माझी आजी शाळेत गेली नव्हती. प्रत्येक निवडणुकीला सकाळी सात वाजता धुतलेलं लुगडं नेसून रांगेत उभी राहायची आणि बोटावरची शाई संध्याकाळपर्यंत जपायची. वर्षभरात तिला कुणी काही विचारायचं तर तो एकच दिवस. तिला मूर्ख ठरवणारा विनोद मला सोसत नाही. पोट भरलेल्या माणसाला मत न देणं परवडतं.

रात्रपाळी

आजींबद्दल काही बोलायचं नाही, पण त्या वाक्याचा रोख त्यांच्यावर नाहीच. नेते वाईट आहेत म्हणून ओरडणाऱ्यांना तो म्हणतो की हे नेते आकाशातून पडले नाहीत, तुमच्याच घरांतून, शाळांतून, कंपन्यांतून आले. समोर बसलेल्या, तिकीट काढून आलेल्या माणसांना तोंडावर सुनावलेलं आहे ते. टाळ्यांसाठी बोलणारा असं बोलत नाही.

एडिसनकर

मी न्यू जर्सीत राहतो. वाचनवेडा, तो काळही धरा. 2005 चा कार्यक्रम नोव्हेंबरमध्ये प्रसारित झाला. इराकमध्ये रोज माणसं मरत होती. ऑगस्टमध्ये कतरिना वादळात न्यू ऑर्लिन्सचे लोक छपरांवर दिवस-दिवस अडकलेले आम्ही टीव्हीवर बघितले होते. माझ्या ऑफिसातले लोक जेवणाच्या टेबलावर जे हळू आवाजात बोलायचे ते हा माणूस माइकवर म्हणत होता. त्या टाळीत सुटकाही होती.

डॉ. निंबाळकर

मी मानसोपचाराच्या क्षेत्रात काम करतो. कार्लिनच्या ज्या तुकड्याचं सगळ्यात जास्त कौतुक होतं त्याबद्दलच माझी तक्रार आहे, आणि ती गंभीर आहे.

1990 च्या कार्यक्रमात तो दाखवतो की युद्धाने मन मोडलेल्या सैनिकाला पहिल्या महायुद्धात 'शेल शॉक' म्हणत. दोनच ठसठशीत शब्द, तोफेसारखे. दुसऱ्या महायुद्धात ते सौम्य झालं, कोरियाच्या वेळी आणखी सौम्य, आणि व्हिएतनामनंतर लांबलचक आठ अक्षरी 'पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर' झालं. वेदना शब्दांखाली पुरली गेली, असं त्याचं म्हणणं. शेल शॉकच म्हणत राहिलो असतो तर व्हिएतनामच्या सैनिकांकडे लक्ष तरी गेलं असतं, असंही तो म्हणतो.

ऐकायला फार प्रभावी, पण इतिहास उलटा आहे. शेल शॉकच्या काळातच ब्रिटिश सैन्याने पळून जाणं, भित्रेपणा अशा आरोपांखाली स्वतःच्या शेकडो सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांतल्या कितीतरी जणांचं मन मोडलेलं होतं. गोळ्या घातलेल्यांपैकी 306 जणांना माफी मिळायला 2006 उजाडलं. तो ठसठशीत शब्द त्यांच्या कामी आला नाही. उलट 1980 मध्ये अमेरिकेच्या मानसिक आजारांच्या निदानपुस्तिकेत हे लांबलचक नाव आलं ते व्हिएतनामहून परतलेले सैनिक आणि त्यांच्या बाजूने उभे राहिलेले डॉक्टर झगडले म्हणून. नाव मिळालं म्हणून उपचारांवर हक्क सांगता आला, भरपाई मागता आली.

माझ्याकडे येणाऱ्या माणसाला आपल्या त्रासाचं नाव कळतं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते मी रोज पाहतो. "म्हणजे हा आजार आहे? मी नेभळट नाही?" त्या क्षणाची खिल्ली मला आवडत नाही, कितीही कारागिरीने केलेली असली तरी.

रात्रपाळी

डॉक्टर, हे मला माहीत नव्हतं. तो तुकडा मी कित्येकांना ऐकवलाय. गोळ्या घातलेल्या सैनिकांबद्दल वाचून सुन्न झालो.

कृष्णाकाठ

डॉक्टरसाहेबांचं खरं हाय, पण कार्लिनच्या मूळ मुद्द्यात दम हाय. आपल्याकडंच बघा. 2023 ला विधवा या शब्दाच्या जागी 'गंगा भागीरथी' लिहायचा सरकारी प्रस्ताव आला आणि बायाच खवळल्या. बरोबर केलं त्यांनी. लग्नपत्रिकेत 'गं. भा.' तर पिढ्यान्पिढ्या छापतोय आपण. हळदीकुंकवाला बोलावलं का कुणी त्या बाईला?

आता दुसरं बघा. 2022 ला शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं ठराव केला की नवरा गेला म्हणून बांगड्या फोडायच्या न्हाईत, कुंकू पुसायचं न्हाई. शब्दाला हात लावला न्हाई, रीत बदलली. कार्लिन ज्यावर बोट ठेवतो ते हेच. शब्द गोंडस केला की रीत तशीच ठेवायला सोपं जातं.

डॉ. निंबाळकर

हेरवाडचं उदाहरण चोख आहे. फरक एवढाच, की गं. भा. हे नाव त्या बायकांनी मागितलेलं नव्हतं. आजाराचं ते नाव सैनिकांनी भांडून मिळवलं. नाव कोण देतंय, हे कार्लिनने पाहिलंच नाही.

मीठभाकर

एवढी सगळी चर्चा झाली, पण 1990 च्या त्याच कार्यक्रमातल्या दुसऱ्या तुकड्याबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून मी बोलते. कोणत्याही विषयावर विनोद होऊ शकतो हे सिद्ध करायला तो बलात्कारावर विनोद करतो, कार्टूनमधली पात्रं घेऊन. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिथेच बंद केलं. नंतर मुद्दाम पूर्ण पाहिलं, कारण न बघता बोलणं मला पटत नाही. त्या विनोदापाठोपाठच तो म्हणतो की स्त्रीवाद्यांचं बरंचसं म्हणणं मला मान्य आहे, पुरुषांनीच या जगाचं वाटोळं केलंय. हे म्हणून आधीचं धुऊन निघत नाही. त्या सभागृहात बसलेल्या बायकांपैकी काहींच्या वाट्याला ते प्रत्यक्ष आलेलं असणार. त्यांनी त्या मिनिटात काय करायचं होतं?

रात्रपाळी

मीठभाकर, त्या तुकड्याची बाजू मी घेणार नाही. पण त्याच 1990 मध्ये लॅरी किंगच्या कार्यक्रमात त्याला अँड्र्यू डाइस क्ले या तेव्हाच्या फार गाजलेल्या विनोदवीराबद्दल विचारलं होतं. त्याला बोलण्याचा पूर्ण हक्क आहे असं मानून कार्लिन पुढे म्हणाला की विनोदाने परंपरेने सत्तेवर असलेल्यांना लक्ष्य केलं, हा मात्र बायका, समलिंगी आणि स्थलांतरित यांच्यावर घसरतो, म्हणजे आधीच खाली असलेल्यांवर. हे त्याने शांतपणे, नाव घेऊन सांगितलंय. पुढच्या कार्यक्रमांत युद्ध, धर्मसंस्था, जाहिराती, मालकवर्ग हेच त्याचे मुख्य विषय झाले. माझ्या लेखी 1992 ची रेघ म्हणूनच महत्त्वाची आहे.

मीठभाकर

मग त्याच मोजपट्टीने तो त्या दिवशी नापास झाला, एवढं लिहा आणि पुढे जा. मी त्याला टाकून दिलेलं नाही. 1996 च्या कार्यक्रमाची सुरुवात त्याने गर्भपाताच्या विरोधकांपासून केली. पोटातल्या जीवासाठी रस्त्यावर उतरणारे तो जन्मल्यावर कुठे गायब होतात, असा त्याचा सवाल होता. हे इतकं थेट बोलणारा पुरुष मी तोवर ऐकला नव्हता. म्हणूनच त्या 1990 च्या तुकड्याचा राग जास्त आहे.

खाडीकाठ

मी ठाण्याला राहतो. काही वर्षांपासून दर रविवारी आम्ही काही जण खाडीकाठी तिवरांच्या मुळांत अडकलेलं प्लास्टिक वेचतो. कार्लिनचा 1992 चा पृथ्वीवरचा भाग मला एका सहकाऱ्याने मुद्दाम पाठवला होता, "हे बघ, तुझं काम फुकट आहे" म्हणून. त्यात कार्लिन म्हणतो की पृथ्वीला काही होत नाही, जाणार आहोत ते आपण. आणि कदाचित पृथ्वीला प्लास्टिक हवं होतं म्हणूनच तिने माणूस निर्माण केला असेल.

तो ग्रहाबद्दल बोलतोय आणि ते खरंच आहे, हे मला कळतं. पण भरतीनंतर तिवरात पिशवी गुंडाळलेला बगळा सोडवताना मला ग्रहाची काळजी नसते. कार्लिन अब्जावधी वर्षांच्या उंचीवरून बघतो. तिथून सगळंच क्षुल्लक दिसतं, बगळाही आणि बेघरही. त्याच कार्यक्रमात काही मिनिटांपूर्वीच बेघरांसाठी तो इतका तळमळून बोलला होता. ही दोन माणसं एकाच तासात कशी मावतात ते मला अजून उमगलेलं नाही.

एडिसनकर

हा प्रश्न मलाही पडलाय. 2001 मध्ये तर खूप माणसं मेली की मला बरं वाटतं अशा अर्थाचं शीर्षक त्याने कार्यक्रमाला दिलं होतं. मोठ्या आपत्तींच्या बातम्यांत आपल्याला वाटणाऱ्या चोरट्या उत्सुकतेवर तो तुकडा होता. 11 सप्टेंबर झालं आणि नोव्हेंबरच्या चित्रीकरणाआधी त्याने शीर्षकही बदललं आणि तो भागही काढला. दूरवरून बघण्याचा त्याचा दावा तेव्हा टिकला नाही. न्यूयॉर्क त्याचं गाव होतं.

वाचनवेडा

एडिसनकर, हे लिहिलंत ते बरं केलंत. 2008 चा त्याचा शेवटचा कार्यक्रम मी काल रात्री पुन्हा पाहिला. माझं प्रवचनाचं मत 1999 आणि 2005 साठी कायम आहे, पण हा वेगळा आहे. सत्तर वर्षांचा माणूस, आवाज थोडा खरखरीत, आणि सुरुवातीचा बराच वेळ तो मेलेल्या मित्रांबद्दल बोलतो. मित्र गेल्यावर फोनच्या वहीतून त्याचं नाव कधी खोडायचं? लगेच खोडलं तर वाईट दिसतं, म्हणून त्याने स्वतःपुरता नियम केलेला असतो: सहा आठवडे. मग 'तो वरून आपल्याकडे बघून हसत असेल' म्हणणाऱ्यांची तो हजेरी घेतो. इथे टाळ्या फारशा नाहीत. लोक खदखदून हसतात, आणि मीही हसलो. कार्यक्रम 1 मार्चला झाला आणि 22 जूनला कार्लिन गेला.

बाबांना जाऊन तीन वर्षं होतील. त्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये अजून आहे.

रात्रपाळी

वाचनवेडा, 1999 बद्दल मी अजून भांडणार आहे. त्यातला धर्मावरचा शेवटचा भाग बघा. रागावून सुरू करतो आणि मग सूर्याची पूजा करतो म्हणतो, कारण सूर्य रोज दिसतो. आणि प्रार्थना जो पेशी या नटाची, कारण तो कामं उरकणारा माणूस वाटतो. याला प्रवचन कसं म्हणता? रविवारी सवडीने बघा आणि इथेच लिहा. डॉक्टर, त्या 306 जणांबद्दल आणखी वाचायचं आहे. सुरुवात कुठून करू ते सांगाल का?